टूलबार दिसत नसेल तर आधी कन्सोल बघा

भाऊ, जँगो (पायथनमधलं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) अपग्रेड केल्यापासून डीबग टूलबार, म्हणजे पानाच्या कडेला चुका शोधायला मदत करणारी पट्टी, गायब, म्हणून तुम्ही सेटिंग्जमधली मिडलवेअरची (प्रत्येक विनंती ज्यातून जाते त्या कोडची) ओळ वर-खाली करत बसलात. पण पानाच्या सोर्समध्ये टूलबारचं एचटीएमएल येतंय, असं तुम्हीच लिहिलंय. मग डीबग, इंटरनल आयपी या टूलबार दाखवायच्या सेटिंग्ज सगळ्या ठीक आहेत, सर्व्हरला छेडू नका. घोळ ब्राउझरमध्ये आहे.

एफ१२ दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझरच्या चुका दाखवणारी खिडकी, उघडा. 'टेक्स्ट/प्लेन' माइम टाइपची (फाइल कुठल्या प्रकारची आहे हे ब्राउझरला सांगणाऱ्या खुणेची) लाल ओळ दिसली की समजा, विंडोजची कृपा! आमच्या नागपूरच्या ऑफिसात विंडोजच जास्त, त्यामुळे हे नेहमीचंच. पायथन फाइलचा प्रकार विंडोजच्या रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतून, वाचतो. एखादं सॉफ्टवेअर तिथं डॉट जेएसची (जावास्क्रिप्ट फाइलची) नोंद बिघडवून ठेवतं. जुन्या टूलबारची साधी स्क्रिप्ट ब्राउझर चालवून घ्यायचा; नवा टूलबार तीच स्क्रिप्ट जावास्क्रिप्ट मॉड्यूल म्हणून मागवतो, आणि मॉड्यूलच्या बाबतीत ब्राउझर माइम टाइप चुकला की सरळ अडवतो.

रजिस्ट्रीत हात घालायची गरज नाही. जँगोच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये पायथनचं माइमटाइप्स इम्पोर्ट करून त्यातल्या ॲड टाइप फंक्शनने डॉट जेएसला 'टेक्स्ट/जावास्क्रिप्ट' द्या, सर्व्हर पुन्हा चालू करा. आणि हो, कंट्रोल+एफ५ मारा, नाहीतर कॅशमधली (ब्राउझरने साठवून ठेवलेली) जुनीच फाइल येत राहील.