कसोटीच्या वेळी तुम्ही स्वतःशी काय बोलता? – अनुभव लिहा

'सकारात्मक राहा' असं सगळेच सांगतात. पण ऐन परीक्षेत, मंचावर, मैदानात किंवा मुलाखतीच्या दाराशी नेमकं काय करायचं, हे क्वचितच कुणी सांगतं. म्हणून हा धागा. विचार करण्याची कुठली सवय तुम्ही लावून घेतलीत आणि तिने कामात काय फरक पडला, ते लिहा. सुविचार नकोत, अनुभव हवेत.

सुरुवात माझ्यापासून. नोकरीत मला वरचेवर मोठ्या बैठकांमध्ये बोलावं लागतं. नाव पुकारलं जाण्याआधी छातीत धडधड आणि घशाला कोरड ठरलेली. 'शांत हो' असं मनाला कितीही बजावलं तरी धडधड ऐकायची नाही. पुढे हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांचं २०१४ सालचं संशोधन वाचलं. भाषणाआधी काहींना 'मी शांत आहे' असं म्हणायला लावलं होतं, काहींना 'मी उत्साहात आहे' असं. उत्साहवाल्यांची भाषणं ऐकणाऱ्यांना जास्त पटली. कारण सरळ आहे. भीती आणि उत्साह या दोन्हींत शरीर सारखंच पेटलेलं असतं. पेटलेल्या शरीराला एकदम थंड करणं अवघड, त्याच ऊर्जेला वेगळं नाव देणं सोपं. आता मी धडधड सुरू झाली की 'चला, अंग तयार झालं' असं म्हणते. धडधड आजही होते, पण पहिल्या वाक्याला आवाज कापत नाही.

एक शिक्षिका

माझा अनुभव वर्गातला आहे. आपण मुलांशी जे बोलतो तेच पुढे त्यांच्या मनातला आवाज होतं, असं मला फार तीव्रतेने वाटतं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. कोडी सोडवल्यावर काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू छान मेहनत घेतलीस'. मग अवघड कोडी दिली. हुशारीचं कौतुक झालेली मुलं लवकर हिरमुसली आणि नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली.

मी वर्गात 'हुशार' हा शब्द जवळजवळ बंद केला. 'आकृती काढून पाहिलीस ना, तिथे गणित सुटलं' असं बोलते. एक मुलगी पेपर कोरा ठेवायची, कारण चुकीचं उत्तर तिला सहन व्हायचं नाही. ती आता खाडाखोड करून का होईना, लिहिते. मला तिची खाडाखोड फार मोलाची वाटते.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवायला हव्यात. नुसतं 'मेहनत कर' म्हणून भागत नाही. जी पद्धत चालत नाही तीच पुन्हा पुन्हा करणाऱ्या मुलाला दुसरी पद्धत दाखवावी लागते. आणि चमत्काराची अपेक्षा नको. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे बारा हजार मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 'बुद्धी सरावाने वाढते' असं समजावणारा, तासाभरापेक्षाही छोटा उपक्रम त्यांना दिला होता. मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले, पण थोडेच. मला तेवढंही पुरेसं वाटतं.

लांब पल्ल्याचा धावपटू

शेवटच्या टप्प्यात पाय बोलायला लागतात, तेव्हा मी स्वतःला नावाने हाक मारतो. 'अरे, पुढच्या वळणापर्यंत चल, मग बघू.' 'मी दमलो' म्हटलं की मी त्या दमण्यातच अडकतो. नावाने बोललं की कुणीतरी सोबत पळतंय असं वाटतं. ईथन क्रॉस यांच्या २०१४ च्या प्रयोगांतही स्वतःला 'मी' न म्हणता नावाने संबोधणाऱ्यांनी भाषणाचा ताण जास्त चांगला पेलला होता.

वाद्यवादक

मंचावर बोट घसरतं, सगळ्यांचंच घसरतं. गेलेल्या जागेची हळहळ करत बसलं की पुढचीही जाते. मी मनात एवढंच म्हणतो, 'पुढची सम माझी.' चिकित्सा करायची ती कार्यक्रम झाल्यावर, रेकॉर्डिंग ऐकताना.

परीक्षार्थी

निकालाच्या यादीत आपलं नाव आहे, अशी कल्पना रोज करावी असं खूप जण सांगतात. मला तिच्यापेक्षा 'मी टेबलापाशी बसलोय, फोन दुसऱ्या खोलीत आहे, कालचं प्रकरण उघडलंय' ही कल्पना जास्त उपयोगी पडली. फाम आणि टेलर यांच्या १९९९ च्या अभ्यासात हेच दिसलं: चांगले गुण मिळाल्याची कल्पना करणाऱ्यांपेक्षा अभ्यास करत असल्याची कल्पना करणाऱ्या विद्यार्थ्यांनी जास्त अभ्यास केला आणि त्यांना गुणही जास्त मिळाले. सोबत एक 'जर-तर' ठरवून ठेवतो: जर कंटाळा आला, तर पुस्तक न मिटता एकच उदाहरण सोडवायचं. बहुतेकदा त्या एका उदाहरणानंतर पुढची आपोआप होतात.

काळजी करणारी

मला इथे थोडं वेगळं सांगायचंय. 'सगळं छान होईल' असं म्हटलं की माझी तयारी ढिली पडते. मुलाखतीआधी मी काय काय बिघडू शकतं ते कागदावर लिहिते: प्रश्न समजला नाही तर, कागद विसरले तर, आवाज गेला तर. प्रत्येकापुढे उपाय लिहिते. यादी संपली की मन हलकं होतं. ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८६ मध्ये या पद्धतीचा अभ्यास केला होता. अशा लोकांना 'तुझं चांगलंच होणार' असा धीर दिला तर त्यांची कामगिरी उलट घसरते, असं त्यांना आढळलं. त्यामुळे जवळच्यांना विनंती आहे, आमची यादी हातातून काढून घेऊ नका. आमच्या परीने आम्ही आशावादीच आहोत. आशा नसती तर उपाय कशाला लिहिले असते?

नैराश्यातून बाहेर आलेला

कशातच रस वाटत नाही, झोप-भूक बिघडलीय, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, असं असेल तर वरचं काहीही करण्याआधी डॉक्टरांना भेटा. मला त्या काळात 'सकारात्मक विचार कर' हे वाक्य ओझ्यासारखं वाटायचं. उपचारांनंतर मनाला उभारी आली आणि मग या सवयी लावून घेता आल्या. क्रम महत्त्वाचा आहे.

फिजिओथेरपिस्ट

शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चालायला शिकणारी माणसं मी रोज पाहते. आधी आत्मविश्वास येईल, मग पाऊल टाकू, असं म्हणणाऱ्यांना मी आग्रहाने उभं करते. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं होतं की 'मला हे जमेल' हा विश्वास सर्वांत जास्त कशातून येत असेल, तर ते प्रत्यक्ष जमल्याच्या अनुभवातून. म्हणून पहिलं उद्दिष्ट मी नक्की पार पडेल एवढंच ठेवते: पलंगाच्या कडेवर बसणं, मग आधाराने उभं राहणं, मग खिडकीपर्यंत. रोज संध्याकाळी रुग्णाच्याच हाताने वहीत लिहून घेते, आज काय जमलं. एखाद्या दिवशी दुखणं वाढतं, चालणं कमी होतं. त्या दिवशी मी काही समजावत नाही, वहीची मागची पानं वाचायला देते.

ज्यांच्या रुग्णांना लिहिता येत नाही ते ही नोंद कशी ठेवतात, हे मला इथे वाचायला आवडेल.