मदत हवी आहे : आत्या 'दुखत नाही' म्हणते, पण दुखतंय. केंद्रातल्या लोकांना कसं पटवू?

नमस्कार मंडळी. आम्ही कुडाळ तालुक्यातले. माझ्या आत्याचं वय ८१, चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. श्रावणात खळ्यात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. घरी मी आणि म्हातारे वडील दोघंच, तिला उचलायला माणूस नाही, म्हणून सध्या जवळच्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवली आहे.

डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय, 'दुखल्यास पॅरासिटामॉल ६५०'. सगळा घोळ त्या 'दुखल्यास'मध्ये आहे. सिस्टर विचारतात, "आजी, दुखता काय?" आत्या म्हणते, "नाय गो बाय, माका काय होवक नाय." झालं, गोळी राहते. चार दिवसांचा कागद पाहिला तर एकच गोळी दिलेली. पायात काटा मोडला तरी लावणी पुरी करून मगच घरी येणारी बाई ती, आता कुठून सांगणार?

रविवारी स्पंज करताना मी तिथे होते. मावशींनी कुशीवर वळवलं तेव्हा आत्याने खाटेचा कठडा असा धरला की बोटांची पेरं पांढरी पडली. कपाळाला आठ्या, दातावर दात, श्वास भराभर. तोंडातून मात्र चकार शब्द नाही. त्या दिवशी पेजसुद्धा दोनच चमचे गेली. रात्री ओरडते म्हणून आता झोपेचं औषध सुरू करायचं म्हणतायत. मला वाटतं, ती दुखण्यानेच ओरडते.

तिथली माणसं प्रेमळ आहेत, त्यांना दुखवायचं नाही. पण वेदना नोंदवण्याची काही पद्धत असते का? डॉक्टरांकडे नेमकं काय मागू?

प्रतिसाद :
ताई, मी रत्नागिरीत बरीच वर्षं वॉर्डात सिस्टर होते. तुम्ही जे पाहिलंत तीच पद्धत आहे, फक्त ती कागदावर यायला हवी. बोलून सांगू न शकणाऱ्या अशा रुग्णांसाठी 'पेनॅड' नावाची मोजपट्टी आहे, २००३ पासूनची. श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजूत घातल्यावर शांत होतात का, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण, एकूण १०. निजलेल्या असताना नव्हे, कूस बदलताना बघायचं. टेंपरेचर लिहितात त्याच चार्टवर हा आकडा लिहायला सांगा, आणि गोळीनंतर तासाभराने पुन्हा.

डॉक्टरांना म्हणा, 'दुखल्यास' काढून वेळा ठरवून द्या आणि एक वेळ स्पंजच्या तासभर आधीची ठेवा. आत्यांचं वजन किती, लिव्हर-किडनीचा त्रास आहे का, हे आवर्जून सांगा. त्यावरच दिवसाची मात्रा ठरते. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तीही मोजायची. झोपेच्या औषधाआधी पोट साफ होतंय का, लघवी तुंबलीय का, पाठीला जखम आहे का, हे बघायला लावा. रात्री ओरडणाऱ्या कितीतरी आज्या एनिमा दिल्यावर शांत झोपलेल्या मी पाहिल्यात.

धागाकर्ती :
सिस्टर, खूप खूप आभार. पोट पाच दिवस साफ झालं नाहीये, ते आत्ता फोन करून विचारल्यावर कळलं. डॉक्टर उद्या अकराला येतात. पाच ओळींचा तक्ता वहीत आखून घेतलाय, स्पंजच्या वेळी मीच भरते आणि त्यांच्यासमोर ठेवते.