चिंता फक्त एसीतल्यांची नाही
'हवामानबदल ही एसीत बसणाऱ्यांची चिंता, शेतकऱ्याला त्याचं काही नाही' हे मत पटलं नाही. देवगड-रत्नागिरीकडच्या एखाद्या बागायतदाराशी जानेवारीत बोलून बघा. हापूसला मोहर यायला थंडी लागते. ती मध्येच गायब होते, नाहीतर इतकी लांबते की फळ धरलेल्या फांदीवरच पुन्हा मोहर फुटतो. मग झाड नव्या मोहराला पोसतं आणि आधीची कणी (नुकती धरलेली बारीक फळं) गळते. त्यात अवकाळी पाऊस आला की करपा, तुडतुडे, फवारण्यांचा खर्च. (एवढं करून पेटी महाग झाली की शिव्या त्यालाच!)

३ जून २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळी आडव्या झाल्या. नवी लावली तरी सुपारी धरायला पाच-सहा वर्षं जातात. वर्ष भरायच्या आत तौक्ते आलं. प्रत्येक वादळाचं खापर तापमानवाढीवर फोडू नये, पण अरबी समुद्र तापतोय हे खरंच आहे.

यावर उपाय म्हणून रोपं लावा, जरूर लावा. मला मात्र असलेली देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं जुनं रान, टिकणं जास्त मोलाचं वाटतं. देवळाच्या सभामंडपासाठी तिथली जुनी झाडं पाडायचा विषय निघाला तर मुंबईकर चाकरमान्यांनीही विरोध करावा. वर्गणी बहुतेक त्यांच्याकडूनच जाते, त्यामुळे ऐकलंही जाईल.