प्रोटोटाइपचा उपयोग झाला, हे आकड्यांत कसे दाखवावे?

कच्चा_खर्डा (प्रश्न)

आमचा पाच जणांचा गट एका रुग्णालयासाठी तपासणीची वेळ नोंदवण्याचा अर्ज नव्याने तयार करत आहे. पडद्यावर काही आणण्याआधी आम्ही अर्जाची पाने कागदावर पेन्सिलीने काढून (हाच आमचा प्रोटोटाइप, म्हणजे कच्चा नमुना) सहा जणांसमोर ठेवली. त्यांतील एका आजींनी सगळे रकाने नीट भरले, शेवटच्या पानावरील ‘नोंद झाली’ हे शब्द वाचले आणि कागद उलटून मागची बाजू पाहिली. काय शोधता आहात, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘किती वाजता यायचं, ते कुठे लिहिलंय?’’ वेळ त्यांनी स्वतःच दुसऱ्या पानावर निवडली होती. पण ती शेवटी पुन्हा दाखवावी, हे आमच्यापैकी कोणालाही सुचले नव्हते.

आता या कागदी खटाटोपाने नेमका किती फायदा झाला, असे व्यवस्थापन विचारत आहे आणि अहवालात ‘सर्जनशीलता’ असा वेगळा रकानाही आहे. किती कल्पना सुचल्या आणि किती प्रोटोटाइप केले, एवढेच आकडे माझ्या हाती आहेत, आणि तेच भरून पाठवायला मन तयार होत नाही. काय मोजावे?

चौथा_मसुदा

कल्पनांची संख्या अगदीच निरर्थक नाही. जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणात सर्जनशीलतेच्या संशोधनाकडे झालेल्या दुर्लक्षावर बोट ठेवले. पुढे रूढ झालेल्या चाचण्यांत, एका विटेचे किती उपयोग सुचतात अशा प्रश्नांच्या उत्तरांमध्ये, संख्येबरोबर विविधता आणि वेगळेपणही तपासले जाऊ लागले. तुमच्या रकान्यात यांपैकी फक्त संख्या उरली आहे, आणि एकाच कल्पनेची बारा रूपे म्हणजे बारा कल्पना नव्हेत. टेरेसा अमाबिले यांनी १९८२ साली मांडलेली पद्धत मला अधिक भरवशाची वाटते: त्या क्षेत्रातील जाणकारांनी एकमेकांशी न बोलता कामाला गुण द्यायचे आणि त्या गुणांचा मेळ किती बसतो ते पाहायचे. कोणता आराखडा आधीचा आणि कोणता नंतरचा, हे मात्र त्यांना कळता कामा नये.

प्रोटोटाइप किती केले यापेक्षा ते कसे केले, हे नोंदवा. स्टीव्हन डाउ आणि सहकाऱ्यांच्या २०१० सालच्या अभ्यासात ३३ जणांनी संकेतस्थळासाठी जाहिराती तयार केल्या. काहींनी एकेक नमुना करून त्यावर लगेच अभिप्राय घेतला, तर काहींनी अनेक नमुने एकदम करून मग अभिप्राय घेतला. नमुन्यांची संख्या दोन्हीकडे सारखीच होती, तरी दुसऱ्या गटाच्या जाहिरातींवर अधिक क्लिक आले. एकाच नमुन्याला कुरवाळत बसले की माणूस त्यात अडकतो. जॅन्सन आणि स्मिथ यांच्या १९९१ सालच्या प्रयोगांपैकी एकात न सांडणारा कॉफीचा कप तयार करायचा होता आणि नळी वापरू नये, अशी स्पष्ट सूचना होती. तरीही ज्यांना नळी असलेला नमुना आधी दाखवला होता, त्यांच्या पुष्कळ आराखड्यांत नळी आलीच.

हिशेबनीस

सर्जनशीलतेपुरते हे ठीक आहे, परंतु फायद्याचा प्रश्न तुलनेवर अडतो. नवा अर्ज बहुधा तक्रारी टिपेला पोहोचल्यावरच हाती घेतला जातो, आणि टिपेला गेलेला आकडा पुष्कळदा काहीही न करता थोडा खाली येतो. ती घट डिझाइनच्या नावावर जमा होते. म्हणून आधीचा एक महिना आणि नंतरचा एक महिना अशी तुलना न करता किमान वर्षभराच्या नोंदी काढाव्यात. शक्य असल्यास नवा अर्ज आधी निम्म्याच विभागांत सुरू करावा आणि ते विभाग चिठ्ठ्या टाकून निवडावेत, कारण निवड विभागप्रमुखांवर सोडली तर उत्साही विभागच पुढे येतात आणि मोजला जातो तो त्यांचा उत्साह.

काय मोजायचे, ते आजींनीच सांगितले आहे: वेळ विचारण्यासाठी येणारे फोन आणि चुकीच्या वेळी येणारे रुग्ण. अर्ज भरायला लागणारा वेळ मोजाल तर फसाल. शेवटी मजकूर वाढल्यामुळे तो कदाचित वाढेल, आणि सुधारलेला अर्ज आकड्यांत बिघडलेला दिसेल.

कात्री

क्षमस्व, पण हिशेबनीस यांनी सांगितलेल्या मोजणीतून अर्जाचा परिणाम कळेल, कागदी प्रोटोटाइपचा नाही. विचारणा प्रोटोटाइपची आहे. त्यासाठी आजींना दाखवलेला मूळ आराखडा आणि दुरुस्त आराखडा, हे दोन्ही पूर्णपणे नव्या लोकांसमोर ठेवा. प्रत्येकाला एकच दाखवा, आणि शेवटी कागद बाजूला घेऊन ‘तुम्हाला किती वाजता यायचे आहे?’ एवढेच विचारा. यापुढे प्रत्येक नमुन्याआधी तो कोणत्या प्रश्नासाठी आहे आणि तुमचा अंदाज काय आहे, हे तारखेसह लिहून ठेवा. अंदाज चुकून निर्णय बदलला, तेवढेच त्या नमुन्याचे काम. रद्द झालेल्या कल्पनाही याच वहीत नोंदवाव्यात. त्यांवर वाचलेले श्रम अहवालात कधीच दिसत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.

कच्चा_खर्डा

सर्वांचे आभार. चुकीच्या वेळी आलेल्या रुग्णांची नोंद स्वागतकक्षाच्या वहीत असते. फोन मात्र कोणी लिहून ठेवत नाही, त्यामुळे ती मोजणी नवा अर्ज सुरू होण्यापूर्वीच चालू करावी लागेल. कात्री यांच्या सूचनेत एकच अडचण आहे: आजींनी उलटून पाहिलेले ते शेवटचे पान मी त्याच दिवशी खोडरबराने पुसून त्यावरच दुरुस्ती केली. मूळ पान आता आठवून पुन्हा काढतो आहे, आणि आठवणीतले पान मूळ पानापेक्षा थोडे चांगलेच उतरते आहे, असा संशय येतो. म्हणून ते गटातील ज्याने दुरुस्ती पाहिलेलीच नाही, त्याच्याकडून काढून घेईन.