अनुभव धागा: जुनी मोटारसायकल घेताना तुम्ही काय बघता?

दसरा जवळ आला की आपल्याकडे जुन्या गाड्यांचे व्यवहार सुरू होतात. वाडीतून स्टँडवर जायचं तरी गाडीशिवाय पान हलत नाही, आणि नवी गाडी सगळ्यांनाच झेपते असं नाही. गाडी तपासायच्या याद्या ढिगाने मिळतात, पण त्यात खारा वारा नसतो, चार महिन्यांचा आपला पाऊस नसतो. किनाऱ्यावरच्या गाडीचं खरं वय मीटरवर कळत नाही, ते खालच्या पत्र्यावर कळतं, असं माझं ठाम मत आहे. पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्यांनी लिहा. नेमका कुठे हात लावलात, कशावरून नको म्हणालात, ते सविस्तर येऊ द्या.

सुरुवात मी करतो. गाडी बघायला सकाळी जायचं आणि आधी इंजिनवर हात ठेवायचा. गरम लागलं तर चहा घ्यायचा, गप्पा मारायच्या आणि ते गार होईपर्यंत थांबायचं. गार इंजिन चालू होताना जे बोलतं ते नंतर बोलत नाही. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला, तर ऑइल जळतंय.

रत्नागिरी
गोणपाट टाका, आडवे व्हा आणि मोबाइलचा टॉर्च गाडीखाली मारा. सायलेन्सरचं पोट, मेन स्टँडचा जोड, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), बॅटरीखालचा पत्रा. मिऱ्याकडची एक गाडी वरून आरशासारखी चकचकीत होती. खाली चॅसीला ताजा काळा रंग मारलेला. स्टँडच्या जोडापाशी नख लावलं तर रंगासकट गंजाचा पापुद्रा हातात आला, आणि त्याखाली पत्रा बोटाने दबत होता. इंजिन बदलता येतं, सडलेल्या चॅसीला काही करता येत नाही. तिथेच नमस्कार केला.

मालवण
मासळीची गाडी ओळखायला शिका. कॅरियरवर क्रेट बांधला की बर्फाचं खारं पाणी मागच्या शॉकॲब्सॉर्बरवर, रिमवर आणि चेनवर गळत राहतं. मागच्या स्पोकांची मुळं बघा, पुढच्यांशी ताडून बघा. फक्त मागचंच खाल्लेलं असेल तर समजायचं काय ते. आमचे मेस्त्री एका वाक्यात सांगतात, "इंजिन बरा आसा, पण खालसून बघ, गंजान खाल्ल्यान."

चिपळूण
आमच्याकडे पहिला प्रश्न एकच: 22 जुलै 2021 ला गाडी कुठे होती? पुरात बुडालेली गाडी बाहेरून कितीही धुतली तरी गाळ कुठेतरी उरतोच. मी सीट काढायला लावतो, एअर फिल्टरचं झाकण उघडायला लावतो, हेडलाइटच्या आतल्या कडा बघतो. एका गाडीत हे सगळं साफ होतं. मग वायरिंगचा एक कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सोडवला, तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या आणि खाचेत मातीची बारीक रेघ. अशी गाडी आज चालते, पुढच्या पावसात कुठे बंद पडेल सांगता येत नाही.

देवगड
चाकरमान्यांच्या गाड्यांचंही लिहायला हवं. गणपतीत आणि शिमग्यात चालवायची, बाकी वर्ष पडवीत ताडपत्रीखाली. किलोमीटर अगदी कमी म्हणून लोक भुलतात. टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारा, तळाला तांबूस गंज दिसतो. उभं राहून पेट्रोल खराब होतं, कार्बोरेटर तुंबतो, रबरी सील कडक होतात. पुढचा ब्रेक दाबून हँडल दोन-चारदा जोरात खाली दाबा आणि फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या, नळ्यांवर बोट फिरवा. बोटाला ऑइल लागलं तर सील गेले.

फोंडाघाट
सपाटीवर चालवून काही कळत नाही. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी तेवढीच राहिली तर क्लच प्लेट संपल्या. चेन मागच्या चक्राच्या पाठीमागून ओढून बघा. दात अर्धा उघडा पडला तर चेनसेटचे पैसे किमतीतून वजा.

अलिबाग
कागद बघा हो! हँडलच्या मानेवरचा चॅसी नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसून आरसीशी एकेक अंक जुळवायचा. गंजाने न वाचता येणारा नंबर असेल तर मी व्यवहार पुढे नेत नाही. कर्जाचा बोजा, चलनं, विमा ऑनलाइन दिसतात. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, नाव बदलायला 29 आणि 30, सह्या आपल्यासमोर. 15 वर्षं भरत आली असतील तर पुन्हा नोंदणीचा खर्च धरा. विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करायला द्या.

वेंगुर्ला
टायरवर चार आकडे असतात ते वाचा. 2219 म्हणजे 2019 चा बाविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी असा जुना टायर ओल्या जांभ्यावर धरत नाही.