केनेट-एव्हन: कालवा हवा, पण जंगलातून
इंग्लंडमधल्या केनेट-एव्हन कालव्याकाठची सायकलवाट सपाट म्हणून कंटाळवाणी, असं कुणीकुणी म्हणतं. अर्धंच पटलं. बाथ ते डिव्हायझिस एवढंच केलंत तर रविवारी माणसं आणि कुत्री चुकवण्यातच जीव जातो. त्यापेक्षा मार्लबरोहून निघा. आधी सॅव्हरनेकचं जंगल, शेकडो वर्षांचे ओक, मधून खडीचे रस्ते. मग पेवसीच्या खोऱ्यात कालव्याला लागा. इथे काठ अरुंद नि गवताळ. पावसानंतर नुसता राडा, ३५ मिमी रुंदीचे टायर घसरतात, ४० तरी हवेत. डिव्हायझिसला केन हिल टेकडीवरची २९ लॉक (बोटी वर-खाली नेणारे पाण्याचे कप्पे), त्यातली १६ एका रांगेत. उतरताना नजर तिकडेच जाते, ब्रेकवर हात असू द्या. आणि घंटी लावाच, नाहीतर 'सॉरी सॉरी' म्हणून घसा बसतो.