दहावीचं गणित जून ते जानेवारीत कसं बसवता? नाशिक जिल्ह्यातल्या शिक्षकांचे अनुभव

मे अर्धा सरला की शाळेतून निरोप येतो, 'वार्षिक नियोजन जमा करा'. आपण तक्ता भरतो: महिना, घटक, तासिका, शैक्षणिक साधन, शेरा. तो फाईलला लागतो. पुढे वर्ष आपल्या वाटेने जातं आणि डिसेंबरात आपण जादा तास लावतो. मला फाईलमधल्या तक्त्याबद्दल ऐकायचं नाही. तुम्ही स्वतःच्या वहीत जे नियोजन करता, ते कसं करता? कुठे चुकलं, कशाने सावरलं? मोकळेपणाने लिहा.

सुरुवात माझ्यापासून. नाशिकरोडला बावीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवते. पहिल्या वर्षी मी पुस्तकाची पानं मोजली आणि महिन्यांनी भागली. ऑगस्टमध्ये बीजगणित पुढे, भूमिती मागे. आताच्या पुस्तकातही तोच धोका आहे. समरूपता हे दहावीच्या भूमितीचं पहिलंच प्रकरण. मी तेरा तास धरले होते, लागले एकवीस. मुलांना प्रमाण येत होतं, पण कोणत्या त्रिकोणाची कोणती बाजू कोणाशी संगत, इथे सगळं अडायचं. पानांचा हिशोब हे सांगत नाही.

तेव्हापासून मी आधी दिवस मोजते. दहावीला आठवड्याला सात तासिका, चार भूमितीला आणि तीन बीजगणिताला. १५ जून ते डिसेंबरअखेर अठ्ठावीस आठवडे. त्यातून दिवाळीची सुटी, सत्र परीक्षा, घटक चाचण्या, सणवार वजा केले की बावीस उरतात. कागदावर एकशे चोपन्न तासिका. पण मागच्या पाच वर्षांच्या डायऱ्या काढून मी प्रत्यक्षात घेतलेले तास मोजले, तर एकाही वर्षी एकशे वीसच्या वर गेले नाहीत. अर्ध्या दिवसाची शाळा, स्पर्धा, प्रशिक्षण, पालकसभा. म्हणून आता नियोजन एकशे दहाचंच करते. बीजगणिताची सहा प्रकरणं, भूमितीची सात, आणि एकशे दहा तास. एवढा आकडा समोर असला की कशाला किती द्यायचं हे नीट दिसतं.

निफाड तालुका

मॅडम, तुमचे एकशे दहा तास सलग आहेत, माझे तसे नाहीत. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड असते. रोपं उपटायला, लावायला घरचे सगळे हात लागतात. बेचाळीसच्या वर्गात एखाद्या दिवशी तेवीस मुलं असतात. त्याच सुमाराला द्राक्षबागांचीही कामं. पूर्वी मी रोज हजेरी घेताना रागवायचो. मग एका मुलाचे वडील शाळेत आले आणि एवढंच म्हणाले, "सर, मजूर मिळाला असता तर पोराला ठेवलं नसतं." त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्याला पाठवलं. माझं रागावणं मात्र तेव्हापासून संपलं.

त्यानंतर मी प्रकरणांची दोन भागांत वाटणी केली. एक साखळीची प्रकरणं आणि दुसरी सुटी. समरूपता नाही समजली तर पायथागोरसच्या सिद्धतेत अडतो, पायथागोरस कच्चा तर त्रिकोणमितीत अडतो. ही साखळी मी जून ते दिवाळीत पूर्ण करतो, काही झालं तरी. संभाव्यता, सांख्यिकी, अर्थनियोजन ही बरीचशी सुटी आहेत. आठ दिवस चुकलेलं मूल परत आलं तरी मध्येच पकडू शकतं. ती लागवडीच्या काळात.

आणि सांख्यिकी तर आमच्या मुलांना मीच काय शिकवणार. लासलगावच्या बाजारभावात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर येतात. मी फळ्यावर लिहिलं, समजा पाच दिवस क्विंटलला ९००, ९५०, ९५०, १००० आणि २२०० भाव निघाला. मध्य, म्हणजे सरासरी, येतो १२००; मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला भाव, ९५० आणि बहुलक, म्हणजे सर्वाधिक वेळा आलेला भाव, तोही ९५०. विचारलं, तुमच्या घरी कोणता भाव पडला? मागच्या बाकावरचा मुलगा, जो कधी बोलत नाही, म्हणाला, "सर, बाराशेनं कोणाचाच गेला नाही." मध्य आणि मध्यकातला फरक मी इतकी वर्षं शिकवत होतो, पण इतक्या कमी शब्दांत मला कधी सांगता आला नव्हता. आता तो तास मी नियोजनात नावानिशी लिहून ठेवतो: 'बाजारभाव, मुलांनी पावत्या आणणे'.

सुरगाणा, आश्रमशाळा

माझी गोष्ट नववीची आहे, कारण आमच्याकडे दहावीचं नियोजन नववीतच ठरतं.

पहिल्या वर्षी मी १५ जूनला संच सुरू केले. पुस्तकात ते पहिलं आहे. मुलं छान लिहीत होती, मी खूश. वास्तव संख्याही पार पडल्या. बहुपदीत सगळं कोसळलं. ऋण चिन्ह, कंस सोडवणं, अपूर्णांकांची बेरीज यांतलं काहीच पक्कं नव्हतं. ऑगस्ट उजाडला होता. त्या पावसात आमच्याकडे वीज जाते, रस्ते तुटतात, अतिवृष्टीच्या सुट्या लागतात. परत मागे जायला वेळच नव्हता. मी तसाच पुढे रेटत राहिलो. त्या वर्षीच्या मुलांचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या वर्षी जूनचे पहिले पंधरा तास पुस्तक उघडलं नाही. पहिल्या दिवशी वीस प्रश्नांची साधी चाचणी घेतली: हातच्याची वजाबाकी, दोन अंकी भागाकार, ३/४ आणि २/३ यांत मोठा कोणता, −७ + ३ किती, कोनमापकाने ६५ अंशांचा कोन काढणे. गुण द्यायचे नाहीत, मुलाच्या नावापुढे फक्त खूण करायची की नेमकं कुठे अडतंय. चौतीस मुलांपैकी एकोणीस अपूर्णांकात अडली आणि अकरा भागाकारात. मग तीन गट. आमची शाळा निवासी, हा फार मोठा आधार आहे. संध्याकाळच्या अभ्यासाच्या वेळी ज्याला येतं तो ज्याला येत नाही त्याच्या शेजारी बसतो. मुख्याध्यापकांना धास्ती होती की अभ्यासक्रम मागे पडेल. पडलाच, सप्टेंबरपर्यंत. पण बहुपदी नऊ तासांत झाली, आदल्या वर्षी सतरा लागले होते.

दुसरं भाषेचं. घरी कोकणा बोलणाऱ्या मुलाला 'छेदिका', 'लंबदुभाजक', 'व्युत्क्रम कोन' हे शब्द आणि त्यामागचं गणित एकाच तासात पेलत नाही. समांतर रेषांच्या आधी मी एक अख्खा तास फक्त शब्दांना देतो. दोरी, काठ्या, अंगणातल्या रेघा. मुलं त्यांच्या बोलीत नाव ठेवतात, मग पुस्तकातलं नाव शेजारी लिहितो. नियोजनात या तासाला रकाना नसतो, म्हणून मी तो 'पूर्वतयारी' म्हणून टाकतो.

तिसरं, दिवाळीनंतरचा आठवडा. काही मुलं आईबापांबरोबर दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामावर जातात आणि उशिरा परततात. शाळा उघडली त्याच दिवशी मी त्रिकोण रचना सुरू केल्या होत्या, ती मुलं आल्यावर त्यांना काहीच उमगेना. एक मुलगी दोन दिवस नुसती कंपास हातात धरून बसली, विचारेना काही. तेव्हापासून दिवाळीनंतरचे सहा तास नवीन काही नाही. सरावच. जे उशिरा येतील ते त्यातच मिसळतात.

सिडको

आमच्याकडचा प्रश्न उलटा आहे. वर्गातली निम्मी मुलं मे महिन्याच्या व्हेकेशन बॅचला जाऊन आलेली असतात. जूनमध्ये रेषीय समीकरणं काढली की "झालंय हे" असा सूर. बाकीची निम्मी गप्प. क्लासला न जाणाऱ्या मुलांना वाटतं आपण मागे आहोत, आणि हे वाटणं फार लवकर घट्ट होतं. मी क्रमच बदलला. क्लासवाले बीजगणित आधी घेतात, मी भूमिती आधी घेते, तीसुद्धा सिद्धतेपासून. पक्ष, साध्य, सिद्धता स्वतः लिहायची असते तेव्हा क्लासची मुलंही पहिल्यापासूनच सुरुवात करतात. वर्ग एका रेषेवर येतो. एवढंच सांगायचं होतं.

देवळाली कॅम्प, निवृत्त

सुरगाण्याच्या सरांनी पहिल्या दिवशी चाचणी घेतल्याचं वाचलं, म्हणून लिहितो. मी चाचणी घेत नसे, ६१७४ घेत असे. ज्या गावात ६१७४ची गंमत शोधणाऱ्या गणिती द. रा. कापरेकरांनी १९३० ते १९६२ शाळेत गणित शिकवलं, तिथे जूनची सुरुवात दुसरी कशाने करायची?

कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा, वजा करा, आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. ३५२४ घेतलं तर ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. आणि ७६४१ − १४६७ पुन्हा ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचतोच. प्रत्येक मुलाची संख्या वेगळी, शेवट एक. वर्गात जो गलका होतो तो ऐकण्यासारखा असतो.

पण त्यात माझं कामही होऊन जाई. ज्याचं उत्तर ६१७४ वर पोचत नाही, त्याची वजाबाकी चुकते आहे. त्याला ओरडावं लागत नाही, तो स्वतःच मागे जाऊन कुठे चुकलं ते शोधतो. मी बाकांमधून फिरत कोण कुठे अडलं ते वहीत टिपून घ्यायचो. तासाच्या शेवटी माझ्या हातात वर्गाचा पूर्ण नकाशा असे. पुढचा महिना त्यावरून ठरे. हाच माणूस आपल्या गावात रोज शाळेत जायचा, हे मुलांना सांगताना मला दरवर्षी भरून येई.

सिन्नर, शिक्षणसेवक

माझं दुसरंच वर्ष, म्हणून जे चुकलं तेच लिहितो. तेराही प्रकरणं मी डिसेंबरच्या शेवटी संपवली. शाळेत कौतुक झालं. पूर्वपरीक्षेत भूमितीच्या ४० गुणांच्या पेपरात चौदा मुलं दहाच्या आत. वर्तुळ मी दिवाळीनंतर आठ तासांत उरकलं होतं. स्पर्शिका-छेदिकेच्या प्रमेयांवर सराव झालाच नव्हता. 'कृती पूर्ण करा'मधल्या चौकटी मुलं भरत होती, पण चौकटी काढून घेतल्या की पहिली ओळही सुचत नव्हती. २०२५ला दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. पूर्वपरीक्षेनंतर हातात महिनाही नव्हता. पोर्शन संपणं आणि मुलांना येणं यात किती अंतर आहे ते त्या पेपरांच्या गठ्ठ्यावर बसून कळलं. या वर्षी प्रत्येक प्रकरणानंतर दोन तास कोरे ठेवतोय. एक प्रश्न आहे: बीजगणितात वर्गसमीकरणं आधी घ्यावीत की श्रेढी? पुस्तकाचा क्रम मोडला तर चालतं का?

पंचवटी

आमच्या भागात पाऊस आणि गर्दी या दोन्हींचा हिशोब ठेवावा लागतो. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पुराचं पाणी लागलं की नदीकाठची मुलं येत नाहीत, त्यांच्या घरात सामान वर चढवणं चाललेलं असतं. जुलै-ऑगस्टचे चार तास मी त्यासाठी आधीच सोडते.

पण खरं शिकवलं ते २०१५च्या सिंहस्थ कुंभमेळ्याने. शाही स्नानं २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबरला, आणि १७ला गणेश चतुर्थी. मी फक्त स्नानाचे दिवस वजा केले होते. प्रत्यक्षात त्याच्या आधी-नंतर रस्ते बंद, बॅरिकेड, पाहुणे, मुलं स्वयंसेवक म्हणून उभी. तीन आठवडे तुकड्यातुकड्यांत गेले. त्या वेळी नेमका पायथागोरस चालू होता. एका दिवशी विधान, पाच दिवसांनी सिद्धता, मध्ये सगळं विसरलेलं. पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागलं.

आता २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा स्नानं आहेत. त्या वर्षासाठी मी आत्तापासून ठरवलंय: त्या सहा आठवड्यांत भौमितिक रचना. रचना घरी बसून वहीत काढता येते, एका रचनेचा दुसरीवर भार नाही, आणि मूल परत आलं की वही पाहून चूक लगेच दिसते. स्पर्शिकेच्या रचनांपुरतं वर्तुळातलं एक प्रमेय आधी सांगावं लागेल, ते जुलैत सांगेन. निफाडच्या सरांनी म्हटलेली साखळी जून-जुलैत शक्य तेवढी ओढून घ्यायची, उरलेली ऑक्टोबरात. पंचवटी, रामकुंड, तपोवन, त्र्यंबकेश्वर इथल्या शिक्षकांनी त्या वर्षाचा कागद यंदाच्या दिवाळीतच काढावा, असं मनापासून वाटतं.

नाशिकरोड

सिन्नरच्या सरांना उत्तर देते. पुस्तकात वर्गसमीकरणं दुसरं प्रकरण, श्रेढी तिसरं, आणि इथे तो क्रम मोडू नका. पहिल्या n पदांची बेरीज दिली आणि n विचारला की समोर वर्गसमीकरण उभं राहतं. ३, ५, ७... या श्रेढीच्या किती पदांची बेरीज १२०? मांडलंत की n² + २n = १२० येतं. n दहा किंवा उणे बारा. उणे बारा का सोडायचं हे मुलांकडूनच येऊ द्या, त्याला घाई करू नका. मी त्या एका उदाहरणाला पूर्ण तास ठेवते.

आणि कोऱ्या दोन तासांबद्दल: ते तक्त्यात कोरे दाखवू नका, कोणी ना कोणी त्यात कार्यक्रम बसवतं. 'सराव व उपचारात्मक अध्यापन' असं लिहा.